कुलूप कोणाचं? शेअर्ड ड्राइव्हवरची अ‍ॅक्सेस फाईल बिघडली तर काय करायचं

सकाळी साडेनऊला फोन येतो. "ताई, सॉफ्टवेअर उघडत नाहीये. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालू होतं." मागे कॉम्प्रेसरची घरघर, आणि चलनासाठी खोळंबलेल्या टेम्पोवाल्याला कुणीतरी "दोन मिनिटं, दोन मिनिटं" म्हणून थोपवतंय.

नाशिकजवळ, सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत किंवा पिंपळगावकडच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये 'सॉफ्टवेअर' म्हणजे पुष्कळदा अ‍ॅक्सेसची एक फाईल असते. (अ‍ॅक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसचा, नोंदी साठवायचा प्रोग्रॅम.) दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून दिलेली. बनवणारा आता पुण्याला, फोन उचलत नाही. फाईल ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, आणि पाच-सहा जण दिवसभर तिच्यात नोंदी करतात. ती बिघडली की "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, बघ जरा" असं म्हणून ती एकाच्या गळ्यात मारली जाते. हा लेख त्या एकासाठी आहे.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या फाईलला राखणदार नाही. बँकेत खिडकीपलीकडे कारकून बसतो, आपण स्लिप देतो, वहीत तो लिहितो. मोठे डेटाबेस असे चालतात. अ‍ॅक्सेसमध्ये खिडकीही नाही आणि कारकूनही नाही. प्रत्येक टेबलावरचा कॉम्प्युटर केबलमधून स्वतःचा हात लांब करून थेट वहीत लिहितो. वहीचं एक पान 4 केबीचं. लिहिता लिहिता हात मध्येच ओढला गेला, म्हणजे केबल निघाली, वायफाय तुटलं, लाईट गेली, तर पान अर्धवट राहतं. फाईल 'करप्ट' होते ती बहुतेक वेळा अशी. व्हायरस वगैरे क्वचितच.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रत, मग हात कोणाचा ते शोधायचं, दुरुस्तीचं बटण सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमका उलटा जातो. मीही गेले होते.

आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग प्रत घ्या

ऑफिसात उभं राहून मोठ्याने सांगा: "सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद करा." व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून भागत नाही, कारण स्टोअरमधला दादा मोबाईल चार्जिंगला लावून चहाला गेलेला असतो. प्रत्येक टेबलापाशी जाऊन बघा. खिडकी छोटी करून खाली ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

सगळे बाहेर पडले की फाईलची प्रत आपल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्या आणि नावात तारीख व वेळ घाला. बिघडलेली असली तरी घ्या. बिघडलेल्या फाईलमध्येही शाबूत नोंदी असतात आणि दुरुस्ती फसली तर परत यायला तीच एक जागा असते. लोक आत असताना घेतलेल्या प्रतीवर विसंबू नका. कॉपी चालू असताना कुणी लिहीत असेल तर प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी होते.

माझी फजिती सांगते. एका पॅकहाऊसमध्ये ऐन हंगामात, फेब्रुवारीत, फाईल फार हळू चालत होती. मी लॅपटॉप घेऊन बसले, वायफायवरून शेअर्ड फोल्डरमधलीच फाईल उघडली आणि थेट 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर', म्हणजे फाईल आवळून दुरुस्त करायचं बटण, दाबलं. प्रत घेतली नव्हती. मधेच प्री-कूलिंगचं मोठं मशीन सुरू झालं, लाईट एकदा झपकली, राऊटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. त्यानंतर फाईल उघडेचना. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा. तीन दिवसांच्या पेट्या, बागाईतदारांची वजनं, गाड्यांचे नंबर, सगळं कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरायला रात्रीचे अडीच वाजले. पॅकहाऊसच्या बाईंनी मला चहा दिला, पण बोलल्या नाहीत.

कुलूप बघा

आता शेअर्ड फोल्डर उघडा. तुमच्या फाईलच्याच नावाची, शेपटीला डॉट एलएसीसीडीबी असलेली एक बारकी फाईल दिसते का? आयकॉनवर कुलूप असतं. तुमची फाईल जुन्या पद्धतीची, डॉट एमडीबी शेपटीची असेल तर कुलपाची शेपूट डॉट एलडीबी असते. आमच्याकडे सगळे तिला 'कुलूप'च म्हणतात.

पहिला माणूस डेटाबेस उघडतो तेव्हा हे कुलूप आपोआप तयार होतं, शेवटचा बाहेर पडला की आपोआप पुसलं जातं. म्हणजे सगळे बाहेर आहेत असं सगळे शपथेवर सांगत असतील आणि कुलूप तिथेच असेल, तर तीनपैकी एक गोष्ट आहे. कुणीतरी अजून आत आहे. किंवा कुणाचं अ‍ॅक्सेस अडकून पडलंय: खिडकी दिसत नाही, पण टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजची चालू प्रोग्रॅमची यादी) नाव आहे. नाहीतर शेवटच्या माणसाला त्या फोल्डरमधली फाईल पुसायची परवानगीच नाही, त्यामुळे रिकामं कुलूप मागे उरलंय.

कोण आहे ते कुलपातच लिहिलेलं असतं. त्या फाईलची प्रत डेस्कटॉपवर घेऊन नोटपॅडमध्ये उघडा. बरीच मोकळी जागा, अधूनमधून चौकोनी खुणा, आणि त्यांत कॉम्प्युटरची नावं दिसतील: 'स्टोअर-पीसी', पुढे 'अ‍ॅडमिन', मग 'अकाउंट-2', पुन्हा 'अ‍ॅडमिन'. ते 'अ‍ॅडमिन' सगळ्यांपुढे असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. कामाचं आहे ते कॉम्प्युटरचं नाव. एक खोच मात्र आहे. माणूस बाहेर पडला तरी त्याचं नाव लगेच खोडलं जात नाही, त्यामुळे ही यादी संशयितांची समजा, गुन्हेगारांची नाही. आणि कॉम्प्युटरांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशी असतील तर आजच बदलून टाका. टेबलावरून ओळखता येतील अशी नावं द्या.

पक्की खात्री हवी असेल तर ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे तिथे 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, 'शेअर्ड फोल्डर्स'मध्ये जा आणि 'ओपन फाईल्स' बघा. कोणती फाईल कोणी धरून ठेवलीय ते तिथे सरळ दिसतं. राईट क्लिक करून बंदही करता येतं, पण तो त्या माणसाचा हात जबरदस्तीने ओढणं झालं. त्याचं मशीन खरंच मेलेलं असेल तरच करा. आधी उठून त्याच्या टेबलापर्यंत जा.

'ओपन फाईल्स' रिकामं आहे आणि तरी कुलूप दिसतंय? मग ते हाताने डिलीट करा. 'फाईल वापरात आहे' म्हणून विंडोजने नकार दिला, तर कुणीतरी अजून आत आहे. पुन्हा शोधा.

कुलूप रोजच मागे राहत असेल तर गोची परवानगीची आहे. अशा फोल्डरवर प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, नवी फाईल तयार करणं आणि पुसणं या चारही गोष्टी जमायला हव्यात. शेअरिंगमध्ये 'चेंज' आणि सिक्युरिटी टॅबवर 'मॉडिफाय', दोन्हीकडे. "बाकीच्यांनी चुकून काही पुसू नये" म्हणून मालक पुसण्याची परवानगी काढून घेतात आणि मग रोज सकाळी फोन करतात. कुलूप तयार करायलाच परवानगी नसेल तर आणखी वेगळे चाळे होतात: दुसऱ्याला फाईल उघडताच येत नाही, नाहीतर फक्त वाचायला मिळते.

दुखणं फाईलचं की रस्त्याचं?

मघाशी डिस्कवर घेतलेली प्रत आता उघडा. दोन-चार फॉर्म फिरून बघा, मोठ्या टेबलच्या (फाईलमधला नोंदींचा तक्ता, बसायचं टेबल नव्हे) शेवटच्या नोंदींपर्यंत जा.

प्रत छान उघडली तर फाईल धडधाकट आहे, दुखणं रस्त्यात आहे: केबल, स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा), परवानगी, कुलूप. प्रतही उघडत नसेल तर फाईल बिघडली. इतकी साधी चाचणी आहे, पण ती न करता लोक दुरुस्ती सुरू करतात. (प्रत उघडी ठेवून तुम्ही उठलात तर कुणीतरी येऊन तिच्यातच बिलं करत बसेल. बघून झाली की बंद करा.)

स्क्रीनवरचा एरर नंबर टिपून ठेवायची सवय लावा. 3045 किंवा 3734 असेल तर फाईल कुणाच्या तरी हातात आहे, कुलपाकडे परत जा. 3043 म्हणजे डिस्क किंवा नेटवर्क, केबल तपासा. 3343, म्हणजे 'अनरेकग्नाईज्ड डेटाबेस फॉरमॅट', आलं की फाईल बिघडल्याची शक्यता मोठी. पण हाच मेसेज 2018 साली विंडोज 10 च्या एका अपडेटनंतर चांगल्या फाईलींनाही येऊ लागला होता. फाईल शेअर करताना विंडोज 'लीझिंग' नावाची एक सोय वापरतं, तिच्याशी अ‍ॅक्सेसचं जमेना. शेअर करणाऱ्या मशीनवर ती सोय बंद केली की थांबायचं. दर आठवड्याला 3343 येतंय आणि केबली ठीक आहेत, असं असेल तर हार्डवेअरवाल्याला 'लीझिंग' हा शब्द सांगा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, करायचं काम आहे, नवख्याने हात घालू नये.

रस्त्याचं दुखणं शोधताना खाली वाका. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये फाईल दर दोन-तीन दिवसांनी सकाळी बिघडायची, नेमकी साडेनऊ-दहाच्या सुमारास. आम्ही विंडोज बदललं, अ‍ॅक्सेस पुन्हा टाकलं. शेवटी एक दिवस मी आठलाच जाऊन बसले. साडेनऊला मावशी झाडायला आल्या. अकाउंटच्या टेबलाखाली स्विच जमिनीवरच ठेवलेला, आणि त्यात घुसलेल्या एका केबलचा प्लास्टिकचा खटका तुटलेला. झाडू लागला की केबल दोन मिलीमीटर मागे सरकायची, हिरवा दिवा विझायचा, मावशी पुढे गेल्या की कुणीतरी पायाने ढकलायचं. तोवर अकाउंटच्या ताईंची पहिली एन्ट्री अर्धी झालेली असायची. नवा खटका बसवला आणि स्विच भिंतीवर टांगला. विंडोज उगाचच बदललं होतं.

वायफायवरून ही फाईल वापरू देऊ नका. यावर माझ्याशी वाद घालणारे भेटतात, "आमचं वायफाय फास्ट आहे" म्हणतात. वेगाचा प्रश्न नाही, क्षणभर तुटण्याचा आहे. व्हिडिओ क्षणभर अडकतो आणि पुढे चालू लागतो. अर्धवट लिहिलेलं पान मात्र आपलं आपण पुरं होत नाही. केबल ओढा, छतावरून न्या, पण केबलच हवी. शेअर करणाऱ्या मशीनला आणि स्विचला, दोघांनाही यूपीएस द्या. लोक मशीनला देतात, स्विचला विसरतात. त्या मशीनचं 'स्लीप' बंद करा. आणि ते विंडोज 10 किंवा 11 असेल तर एका वेळी जास्तीत जास्त 20 जोडण्या घेतं, एकविसाव्याला दारातूनच परत पाठवतं.

वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ही फाईल ठेवू नका. तिथे प्रत्येकाकडे वेगळी प्रत असते, आणि दोघांनी एकाच वेळी लिहिलं की एकाचं काम जातं.

आता दुरुस्ती

'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' नेटवर्कवरून नाही, स्वतःच्या डिस्कवर करायचं. डिस्कवर फाईलच्या आकाराहून जास्त मोकळी जागा हवी, कारण अ‍ॅक्सेस आतून नवी फाईल बांधतं आणि सगळं तिच्यात ओततं. सांभाळून ठेवलेल्या प्रतीची आणखी एक प्रत करा आणि तिच्यावर चालवा. 'डेटाबेस टूल्स' टॅबवर ते बटण आहे.

चालवून झाल्यावर लगेच हुश्श करू नका. दुरुस्तीत काय गळालं ते बघायचं राहिलंय. 'एम-सिस-कॉम्पॅक्ट-एरर्स' नावाचं टेबल नवीन दिसतंय का? जे वाचवता आलं नाही त्याची नोंद त्यात असते. मोठ्या टेबलांमधल्या नोंदी मोजा, शेवटचं बिल किंवा चलन कितवं आहे ते कागदाशी ताडून बघा. 'रिमार्क'सारख्या लांब मजकुराच्या रकान्यात चिनी अक्षरांसारखं काही दिसलं, किंवा आख्ख्या ओळीत 'डिलीटेड' लिहिलेलं आलं, तर ती नोंद गेली. शेवटी टेबल डिझाईनमध्ये उघडून प्रायमरी कीची (एक नंबर दोनदा येऊ न देणारा रकाना) किल्ली जागेवर आहे ना ते पाहा. दुरुस्तीत ती कधीकधी निघून जाते, मग एकाच नंबरची दोन बिलं तयार होतात आणि महिनाभराने जीएसटी भरताना समजतं.

सगळं जुळलं तर शेअर्ड फोल्डरमधल्या जुन्या फाईलचं नाव बदला, पुढे 'बिघडलेली' आणि तारीख लिहा, आणि दुरुस्त फाईल मूळ नावाने तिथे ठेवा. जुनी लगेच पुसू नका, महिनाभर राहू द्या.

दुरुस्ती जमलीच नाही तर नवी कोरी फाईल उघडा आणि 'एक्स्टर्नल डेटा'मधून जुनीतली टेबलं एक-एक करून आत घ्या. सगळी एकदम निवडाल तर एक सडकं टेबल सगळ्यांना अडवेल. जे येणार नाही ते बॅकअपमधून.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा फरक पडतो तो फाईलचे दोन भाग केल्याने. टेबलं एका फाईलमध्ये, ती शेअर्ड ड्राइव्हवर, तिला बॅकएंड म्हणतात. फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी (हव्या त्या नोंदी निवडून काढायची सोय) दुसऱ्या फाईलमध्ये, ती फ्रंटएंड, आणि तिची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. अ‍ॅक्सेसमध्येच त्याचा विझार्ड आहे: 'डेटाबेस टूल्स', 'मूव्ह डेटा', मग 'अ‍ॅक्सेस डेटाबेस'. फायदा असा की फॉर्मवाली फाईल बिघडली तर एकाचंच काम थांबतं, तिच्या जागी नवी प्रत टाकली की झालं. खरी वही तिकडे सुरक्षित राहते. करायच्या आधी प्रत घ्या, हे आता सांगायला नको. एकच फ्रंटएंड शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांना त्याचा शॉर्टकट देणारे पुष्कळ आहेत. त्याने काहीच साधत नाही.

फ्रंटएंड बॅकएंडला जोडताना 'झेड ड्राइव्ह' असा रस्ता देऊ नका. सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा, दोन उलट्या तिरक्या रेघांचा पूर्ण पत्ता द्या. नाहीतर एखाद्या मशीनवर झेडचा वाय झाला की 'फाईल सापडत नाही'. बिघडलेला पत्ता 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून सुधारता येतो.

दुसरी सवय आकार बघण्याची. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी पायाला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, त्यावरून पूर किती ते कळतं. अ‍ॅक्सेसचा मारुती 2 जीबीचा. त्यावर फाईल जाऊच शकत नाही, नोंदी घेणं थांबतं. नोंदी पुसल्या तरी फाईल आपोआप लहान होत नाही, पुसलेली जागा कॉम्पॅक्ट केल्यावरच सुटते. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी आकार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कमरेला, म्हणजे 1 जीबीला आली की कारण शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी बिलांचे फोटो आणि पीडीएफ थेट टेबलात चिकटवलेले असतात. फोटो फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात फक्त पत्ता लिहा. गळ्याशी येऊ लागली तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोठ्या डेटाबेसमध्ये हलवायची वेळ झाली. ते फुकट मिळतं, त्याला खिडकीही आहे आणि कारकूनही. जुने फॉर्म पुष्कळसे तसेच चालवता येतात, पण त्यासाठी जाणकार माणूस लागेल.

'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' ही खूण काढून टाका. ती तुम्ही उघडलेल्या फाईललाच लागू होते, म्हणजे दोन भाग केले असतील तर तिकडच्या बॅकएंडला तिचा उपयोग शून्य, आणि घाईत घरी जाणारा माणूस ती चालू असतानाच मशीन बंद करतो. बॅकएंड दर आठवड्याला तुम्ही स्वतः, डिस्कवर आणून, वरच्या रीतीने कॉम्पॅक्ट करा. हंगामात दोनदा.

बॅकअप रोजचा, वाराच्या नावाने सात फोल्डर. एक प्रत आठवड्याला ऑफिसच्या बाहेर जाऊ द्या. आणि महिन्यातून एकदा त्यातली कुठलीही एक उघडून बघा. मी एका ठिकाणी आठ महिन्यांचे बॅकअप पाहिले आहेत, सगळेच्या सगळे शून्य केबीचे.

अँटीव्हायरस मधे मधे फाईल धरत असेल तर त्या फोल्डरला सूट द्या. याहून जास्त त्यात पडू नका.

त्या फेब्रुवारीतल्या पॅकहाऊसमध्ये आता डिस्पॅचचा दादा सगळ्यात शेवटी निघतो. बॅकअप घेण्याआधी तो फोल्डर उघडून बघतो. कुलूप असेल तर ज्याचं नाव त्यात आहे त्याच्या टेबलाशी जाऊन अ‍ॅक्सेस बंद करतो, मग कॉपी लावतो. रोज रात्री आठ-सव्वाआठला मला त्याचा मेसेज येतो, दोनच शब्दांचा: "कुलूप गेलं."